कठडाताईची दहा मिनिटं

सन्माननीय अध्यक्षमहोदया, प्रमुख पाहुणे निवृत्त बंदर अधिकारी साहेब, आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य महोदय, भूगोल विभागाच्या प्रमुख बाई, व्यासपीठावरील इतर मान्यवर, समोर बसलेले प्राध्यापक, विद्यार्थी, पालक आणि दाराशी उभे राहून ‘अजून किती वेळ?’ असं एकमेकांना विचारणारे माझ्या टँकवरच्या छोट्या बॅचचे सभासद, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालिकेने तशी चिठ्ठी समोर ठेवली आहे आणि ‘पाच’च्या खाली दोन रेघा मारल्या आहेत. बाई, काळजी करू नका. मी जलतरण प्रशिक्षक आहे. तीस वर्षं मी शिट्टी वाजवून काम भागवलंय. मुलं मला शिट्टीसर म्हणतात ते काही कौतुकाने नव्हे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आज आपण जिला निरोप द्यायला जमलो आहोत ती या व्यासपीठाच्या डाव्या टोकाला, फुलांच्या आड बसलेली विद्यार्थिनी माझी मुलगी. एक संपूर्ण सत्र ती जहाजावर शिकणार आहे. एकशे दहा दिवस. वर्ग जहाजावर, परीक्षा जहाजावर, झोपणं जहाजावर. रविवारी जहाज सुटणार. मागे लावलेल्या फलकावर जे शिडांचं जहाज दिसतंय, ते नव्हे हं. फलक रंगवणाऱ्याकडे तेवढंच चित्र होतं म्हणे. तिच्या जहाजाला इंजिन आहे. मी दोनदा चौकशी केली आहे.

आता मला सांगा, निरोप समारंभ कधी करतात? माणसाचं जायचं ठरल्यावर करतात ना? पण आपले प्राचार्य उत्साही. हॉल बुक झाला, पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले, आणि मग एका दुपारी मला फोन. “सर, सगळं झालंय, तेवढी तुमची सही राहिलीय.”

तेवढी!

जहाजवाल्यांनी बेचाळीस पानांचा फॉर्म पाठवला होता. दातांची तपासणी, चष्म्याचा नंबर, समुद्र लागतो का, भावंडं किती, घोरता का. एक्केचाळीस पानं भरताना आमच्या घरी सगळ्यांच्या नाकी नऊ आले. आणि बेचाळिसाव्या पानावर पोहण्याचा दाखला. अंगावरच्या कपड्यांसकट, खोल पाण्यात, कशालाही न धरता दहा मिनिटं तरंगायचं. खाली नोंदणीकृत प्रशिक्षकाची सही. असा माणूस आमच्या भागात एकच. आणि तो तिचा बाप.

ही मुलगी कोणत्या महासागराची खोली किती, ते तुम्हाला झोपेतून उठवून सांगेल. प्रवाह कुठून कुठे वाहतात ते ती जेवणाच्या ताटावर बोटाने काढून दाखवते. पण टँकमध्ये छातीएवढ्या पाण्याच्या पुढे ती वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत गेली नव्हती. शिट्टीसरांची मुलगी! लोक विचारायचे आणि मी विषय बदलायचो. सात महिन्यांपूर्वी तिने स्वतःहून नाव घातलं, ते पहिलीदुसरीतल्या मुलांच्या बॅचमध्ये. आणि आल्या दिवसापासून कडेचा कठडा असा धरला की ती मुलं तिला कठडाताई म्हणू लागली. सात वर्षांचं पोर सुळकन शेजारून जायचं आणि म्हणायचं, “कठडाताई, सोड की!” ही म्हणायची, “सोडते रे, तू हो पुढे.”

घरी मी बाबा, टँकवर सर. हा नियम तिचाच. टँकवर ओरडा खाल्ला तरी घरी तोंड वाकडं करायचं नाही. तिने तो पाळला. मी ओरडलोही चिकार. “मान सैल सोड! पोट वर! छताकडे बघ, माझ्याकडे नको!” दोन महिन्यांत एक हात सुटला. चौथ्या महिन्यात दुसरा. मग तीस सेकंद, मग दीड मिनिट, मग चार. रोज कॉलेज सुटलं की टँक. थंडीतसुद्धा. ओठ निळे पडायचे तरी ही बाहेर यायला तयार नसायची. मी चक्क हात टेकले होते.

या काळात मला जे सल्ले मिळाले त्यांची यादी वाचली तर सूत्रसंचालिका मला उचलून खाली नेतील. “अहो, करून टाका सही, स्वतःचीच तर मुलगी आहे.” “जहाज काय बुडणार आहे का?” शेजारचे गृहस्थ म्हणाले, “जहाजावर टँक असतोच, तिथे शिकेल.” प्राचार्य महोदय तर, आपली क्षमा मागून सांगतो, चौथ्या फोनला म्हणाले, “सर, तुमच्या एका सहीमुळे संस्थेचं नाव जाईल.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, साहेब, माझ्या टँकमध्ये तीस वर्षांत एकही माणूस बुडालेला नाही. लोकांना वाटतं, हा इतका कडक, म्हणजे याच्या हातून पूर्वी काहीतरी घडलं असणार. काही घडलेलं नाही! घडलेलं नाही ते मी कडक आहे म्हणूनच. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंदांना माझी सही होत नाही.

इथे टाळ्या वाजवू नका. कृपा करून नको. पुढचं ऐका.

गेल्या गुरुवारी, दुपारी चार वाजता, मी तिची परीक्षा घेतली. ती सलवार कुडत्यात खोल बाजूला उतरली. छोट्या बॅचची मुलं कडेला रांगेत बसली होती. तिची आई पहिली पाळी संपवून रुग्णालयातून परस्पर आली होती आणि बाकावर टेकली होती. नियम असा की दहा मिनिटं भरली की मी शिट्टी वाजवायची. शिट्टी झाली की पास. त्याआधी कठडा धरला तर नापास. पाठीवर तरंगणाऱ्याला घड्याळ दिसत नाही. त्याला फक्त छत दिसतं, आणि तो शिट्टीची वाट बघतो.

ती तरंगत होती. काय सांगू तुम्हाला? हात सैल, मान सैल, चेहऱ्यावर ताण नाही. सात मिनिटं झाली. आठ झाली. माझ्या हातात स्टॉपवॉच, ओठांत शिट्टी. नऊ झाली. आणि माझ्या मनात आलं, दहा झाली की ही जाणार.

माझ्या टँकला चार भिंती आहेत. कुठल्याही कोपऱ्यातून मी तीन उड्यांत तिच्यापर्यंत पोचतो. समुद्राला मी कुठून पोचणार? मला भीती वाटली. सरळ सांगतो. तीस वर्षं मी आयांना काठावरून हुसकावतोय. “बाई, तुम्ही बाहेर बसा, तुमच्या तोंडाकडे बघून पोरगं घाबरतं.” मला बाहेर बसवायला त्या दिवशी कुणी नव्हतं.

दहा मिनिटं झाली. मी शिट्टी वाजवली नाही.

ती तरंगतच राहिली. शेवटी दमली, वळली आणि कठडा धरला. तेव्हा माझ्या हातातलं घड्याळ दहा मिनिटं चाळीस सेकंद दाखवत होतं. आणि मी, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं म्हणणारा मी, सगळ्या मुलांसमोर मोठ्याने म्हणालो, “नऊ वीस. नापास.”

तिने वाद घातला नाही. नाक पुसलं आणि म्हणाली, “उद्या परत, सर.”

शुक्रवारी सात मिनिटं. शनिवारी पाच. सोमवारी दोन मिनिटांतच धाप लागली. आणि काल, मंडळी, काल तिने पाण्यात उतरल्या उतरल्या कठडा धरला तो सोडलाच नाही. सात महिन्यांची मेहनत मी पाच दिवसांत पाण्यात घालवली. एक छोटा मुलगा तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला लागला, तर तिने त्याला हाताने परत पाठवलं.

काल संध्याकाळी ती स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, “बाबा, राहू दे. तुमची चूक नाही. मला जमत नाही एवढंच. उद्या कार्यक्रमात मीच सगळ्यांची माफी मागते आणि सांगते, मी जात नाही.” मग ती आत जाऊन लिहीत बसली. माझ्यानंतर ती बोलणार आहे. ते कागद आत्ता तिच्या मांडीवर आहेत.

तिची आई भाजी चिरत होती. ती परिचारिका आहे. सव्वीस वर्षं मनगटावरच्या घड्याळावर रोग्यांच्या नाड्या मोजतेय. पाच दिवस ती एक अक्षर बोलली नव्हती. काल सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “अहो, गुरुवारी मीही मोजत होते.” एवढंच. मी म्हटलं, मग बोललीस का नाही? तर म्हणाली, “मला वाटलं तुम्ही बोलाल. वाट बघत होते. लेकीपुढे तुम्हाला खोटं पाडलं असतं तर मग ती आणखी कुणावर विश्वास ठेवणार होती?”

रागवायला मला आता कुणी उरलं नाही. प्राचार्य खोटी सही मागत होते म्हणून मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. साहेब, तुम्ही निदान मुलीला पुढे ढकलत होतात.

मी कालच तिला सांगू शकलो असतो. नाही सांगितलं, कारण तिला नापास केलं ते सगळ्या बॅचसमोर, ओरडून. मग पास काय घरात, भाजीच्या ताटाशेजारी कुजबुजून करायचं? ती बॅच दाराशी उभी आहे. म्हणून त्यांना बोलावलं होतं. मुलांनो, ऐका. तुमची ताई पास आहे. दाखल्यावर मी आज सकाळी सही केली आहे. वेळ, दहा मिनिटं चाळीस सेकंद. तारीख, गेल्या गुरुवारची. तो कागद अध्यक्षमहोदयांकडे दिला आहे. बापाच्या हातून तिने तो घ्यावा असं मला वाटत नाही.

बसून राहा गं. रडायचं असेल तर रड, पण आधी ऐक. पाच दिवस तुला जमलं नाही ते तुझं नव्हे, माझं पाप. तुला मी खोटं सांगितलं आणि तू ते खरं मानलंस, कारण मी सर होतो. रविवारी तू जहाजावर चढशील तेव्हा मला भीती वाटणारच आहे. ती माझी मी सांभाळेन.

सूत्रसंचालिका उभ्या राहिल्या आहेत, म्हणजे मी पाच मिनिटं कधीच ओलांडली. अध्यक्षमहोदयांनी मला थांबवलं नाही, प्रमुख पाहुण्यांनी जांभई दाबली, प्राचार्यांनी मान खाली घातली, आणि आपण सर्वांनी एका चिडक्या माणसाचं घरगुती भांडण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. बोलण्याआधी जे झालं, त्याची माफी मी सभागृहाकडे मागत नाही. ती जिच्याकडे मागायची आहे ती इथे बसली आहे. तिने ती लगेच द्यावी असंही नाही. एकशे दहा दिवस आहेत.

आता तुझी पाळी. ये माइकपाशी. ते मांडीवरचे कागद तिथेच खुर्चीवर ठेव.