मायच्या ताटातलं सोयाबीन

सोयाबीनचं निघालंच आहे, तर आमच्या मायचं सांगतो. आजारातून उठली, पण पथ्याचं अळणी खाऊन अंगात ताकद येईना. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन कमी पडतंय, सोयाबीन खाऊ घाला." अहमदपुरात माझं सोयाबीनच्याच आडतीचं दुकान, पण घरात त्याचा दाणा कधी शिजला नव्हता. माय म्हणाली, "त्याची पेंड म्हशीला घालतेत. मी न्हाई खाणार."

मग बायकोनं चोरून सुरू केलं. सोयाबीन भाजून गव्हात मिसळलं आणि दळून आणलं. सोयावड्या भिजवून, घट्ट पिळून, बारीक करून कांदा, काळा मसाला आणि शेंगदाण्याच्या कुटात परतल्या. माय एक चपाती जास्तीच घ्यायची. महिन्याभरात काठी टेकत एकटी ओसरीवर येऊन बसली.

मला राहवलं नाही. म्हणालो, "माय, इतके दिवस तू सोयाबीनच खात होतीस!"

"म्हाईत हाय. मला काय वास येत न्हाई व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"लपवायचं म्हणून सूनबाई लई मसाला घालत होती. आता तू बोलून बसलास. उद्यापासून परत आजाऱ्याचं अळणी खावं लागंल मला!"