उंदराचे डोळे

तुम्ही म्हणता ना, मी दिल्लीत शिकून आलो म्हणून दिसेल त्या पोराला लांब पाठवायला निघतो? मग जोहे गावच्या सानिकाचं ऐका.

तिला कॉम्प्युटर सायन्ससाठी दोन सरकारी विद्यापीठांत जागा मिळत होती. एक आपल्या रायगडातलं, दुसरं मी शिकलो ते. तिच्या वडिलांचा, दामूकाकांचा, गणपतींचा कारखाना आहे. तिथल्या मूर्तींचे डोळे फक्त सानिका आखते.

काका म्हणाले, "जवळचं बरं. सुट्टीला येऊन डोळे आखील."

मी पेटलोच. "काका, तिकडे देशभरातली पोरं भेटतील तिला, मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत, आणि फी सरकारी! घरच्या कामासाठी तिला अडवू नका."

"मंग डोळे कोन आखनार? तू?"

"आखतो की!"

काकांनी माझ्या हातात ब्रश दिला, पण गणपती काही दिला नाही. गणपतीपुढचा उंदीर सरकवला. मी श्वास रोखून त्याचे डोळे आखले.

सानिका पोट धरून हसली. "दादा, याला मांजर दिसली काय रे?"

काकांनी उंदीर हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. मला वाटलं, आता पुसायला सांगणार.

"तुला दिल्लीच्या गाडीत बसवायला मी पनवेलला आल्तो," ते म्हणाले. "खिडकीत तुझे डोळे अस्सेच व्हते. तरी गेलास नि शिकून आलास."

मग ते सानिकाकडे वळले. "जा गो तू. यो उंदीर मी इकनार नाय."