तूर्त अंडं लिहा

…अंडं. लिहा बाई, अंडं. ॲलर्जीच्या त्या रकान्यात दुसरं काही नको. मीच लिहिलं असतं, पण माझं शिक्षण दुसरीपर्यंत, आणि हात हे असे — शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या हातात पांढरा कागद देऊ नये. बसा ना. सूनबाई येईलच कामावरून, सही तीच करेल. आणि ती चिंध्यांत बसलीय ना बाहुली गुंडाळत, ती आमची ठकी. नात माझी. चार पूर्ण. सोमवारपासून तुमच्या बालवाडीत.

लक्षणं? ती मला विचारा! पाठ आहेत. डॉक्टरांनी सूनबाईला सांगितली, सूनबाईनं माझ्याकडून घोकून घेतली, आणि आता मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवतो — लोक बिचारे बॉबिन घ्यायला येतात आणि शहाणे होऊन जातात. अंगावर गांधी उठतात, डास चावल्यासारख्या. ओठ, डोळे सुजतात. पोर कान खाजवतं, जीभ दातांवर घासतं. आणि एक लक्षात ठेवा बाई, लहान मूल काही ‘माझा घसा आवळतोय’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, आजोबा, माझ्या तोंडात केस गेलाय. आपण बघतो, केस नसतो. आपण म्हणतो, पुरे झाली नाटकं. मग खोकला, उलटी, आवाज बसतो, श्वासाला शिट्टी येते, नाहीतर खेळतं मूल एकदम गप्प होऊन मांडीवर कलंडतं. श्वासाचं काही दिसलं की वाट बघायची नाही — तिच्या पिशवीत पेनासारखं इंजेक्शन असेल, ते मांडीत टोचायचं आणि गाडी बोलवायची. ‘बघू थोडा वेळ’ असं म्हणायचं नाही. मी म्हणालो होतो.

त्याच दिवशी, हो. शेजारीणबाईंच्या नातवाचा वाढदिवस होता. तिथून केक खाऊन पळत इथं आली, आणि थोड्या वेळानं सुरू झालं. मशीनचा आवाज जरा घोगरा झाला तर मी गल्लीच्या टोकावरून ओळखतो, बाई. नातीचा आवाज बसला — म्हटलं, ओरडली असेल वाढदिवसाला! चाळीस वर्षांचे कान. काय कामाचे? सूनबाई आली म्हणून निभावलं. तिनं नुसतं बघितलं आणि उचलून धावत सुटली. दवाखान्यात विचारलं, काय खाल्लं होतं? मी म्हणालो, केक. खोटं नव्हतं. खाल्लाच होता केक. केकमध्ये काय? अंडं. झालं. त्या शेजारीण माउलीनं तेव्हापासून स्वतःच्या घरातही अंडं आणलेलं नाही. सूनबाई तिच्याशी बोलत नाही. मी बोलतो हो, मी कशाला तोडू — उलट तिची मशीन फुकट दुरुस्त करून दिली. दोनदा. दुसऱ्यांदा तर बिघडलीही नव्हती.

आधी अंडं खायची का? खायची की. रोज एक. आवडीनं. …हो, डॉक्टरही जरा थांबले होते तेव्हा. पण म्हणाले, कधीकधी आधी चालायचं ते नंतर चालत नाही. सुई टोचून तपासणार आहेत, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. म्हटलं, बरं झालं, सुईच काय ते सांगेल, कोणाला तोंड उघडायला नको. तर सूनबाई म्हणते, ज्याचा संशय तेच तपासतील.

ताकदीचं म्हणताय? बघते ना सूनबाई. अंडं बंद झालं म्हणून सकाळी पेलाभर दूध, त्यात काजूची पूड. एक दिवस चुकवत नाही. आणि मीही चुकवत नाही — तिची पाठ वळली की मी पितो ते. पोट बघा माझं. सूनबाई म्हणते, बाबा, तुमची तब्येत सुधारली. आणि ठकी कशी सुधारत नाही, याचा तिला घोर.

…असं बघू नका हो माझ्याकडे.

काजू होते. मी दिलेले. त्या बॉबिनच्या खणात ठेवायचो, पोर इथं रमावी म्हणून. सूनबाईनं दोनदा बजावलं होतं, बाबा, खणातलं काही देत जाऊ नका. एकदा आधीही तिच्या तोंडाभोवती लाल झालं होतं, काजू खाल्ल्यावरच — मी रॉकेलचा बोळा लागला असेल म्हणून पुसून टाकलं. त्या दिवशी म्हटलं, केकनं तोंड गोड झालंय, दोन देऊ. दोनच दिले. म्हणजे चार. आता हे सांगितलं तर ती पोरीला पाळणाघरात ठेवेल, आणि मी दिवसभर या मशिनींशी बोलू? मशिनी काही आजोबा म्हणत नाहीत.

आजवर निभावलं. पण सोमवारपासून तेच दूध बाटलीत भरून तुमच्याकडे येणार. नवी बाटली आणलीय, वर ससा आहे. तिथं ते कोण पिणार? तुमच्या त्या वीतभर बाकांवर मी येऊन बसू?

म्हणून म्हणतो — लिहा. काजू. अंडं खोडू नका, डॉक्टर सांगतील तोवर राहू द्या. शेजारी काजू. ठळक लिहा. आणि कागद असाच ठेवा, सही झालेली नाही अजून त्यावर.

तुम्ही सांगाल तिला? नको. मी विचार केला त्याचा, रोज तो पेला हातात धरून दुसरं काय केलं. तुम्ही गोड बोलाल, शिकलेल्या आहात. माझ्याच्यानं वेडंवाकडं होईल. पण तिच्याशी मीच खोटं बोललो ना, बाई? मग रागवायचं तर माझ्यावरच रागावू दे, तुमच्या तोंडाकडे बघून तिनं राग गिळून कशाला टाकायचा.

आली. चपलांचा आवाज ओळखतो मी. …ये गं. दमलीस? नाही, सही नंतर. आधी बस इथं, मला बोलायचंय. — बाई, तुम्ही ठकीला घेऊन जरा बाहेर थांबा. जाताना दार ओढून घ्या.