तीन गळके, चौथा कोरडा

— नाही नाही ताई, चावी फिरवू नका. पेट्रोलचा वास येतोय ना, मग आधी बॅटरीची तार सोडू. गाडी जुनी आहे, मान्य — पण जुनी झाली म्हणून गळायलाच पाहिजे असं थोडंच आहे? माझी साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण गळत नाही कुठे. हसा, हसा.

हां, हे बघा — चार इंजेक्टर. इथून पेट्रोलचा फवारा आत जातो. रबराच्या रिंगा कडक झाल्या की पाझरतात — हा ओला, हा ओला, हाही. आणि हा चौथा ठणठणीत कोरडा, नवाकोरा. कुठे बदललात? पुलाजवळच्या गॅरेजात? कशाला गेलात तिकडे — सारखे कॉम्प्युटर लावून बसतात, इंजिनाला कान लावायला कुणाला वेळ नाही. आणि बदलायचे तर चारही, एकटा बदलून — काय? तिथली पोरगी चारही बदला म्हणाली होती? तुम्हीच नको म्हणालात? मग बरोबरच सांगितलं पोरीनं, माझीच आहे.

हो, माझी मुलगी. इंजेक्टर धरून ठेवणारी ही क्लिप बघितलीत? सगळे हिचं टोक बाहेर ठेवतात, पटकन बसते. पोरीनं आत वळवलंय — पुढचा कुणी हात घालेल त्याचं बोट कापू नये म्हणून. मीच शिकवलं. त्या कॉम्प्युटरवरूनच वाजलं आमचं — ती म्हणे घेऊ, मी म्हटलं मी आहे तोवर नाही. मग काय, गेली. आता तिचा फोन येतो तेव्हा तिची आई बोलते, मी शेजारी पेपर वाचतो. एकच पान, बराच वेळ. फार आठवण येते हो. पण पहिला फोन करायचा कुणी? दोघंही एकाच माळेचे मणी.

ते जाऊ द्या. उरलेले तीन तिच्याकडेच का नाही — काय? तिनंच पाठवलं इकडे? अहो, हे आधी सांगायचं. मी बोलू दिलं नाही? तेही खरंच. काय म्हणाली नेमकं? ‘बाकीचे बाबांकडून करून घ्या, त्यांचा हात चांगला आहे’? बाबा म्हणाली? नक्की?

बरं.

निघा तुम्ही. गाडी उद्या. हो, काम आजच होईल, पण गाडी उद्याच मिळेल — चालवून बघायला नको? पुलापर्यंत तरी न्यावी लागेल. जा, जा, उभ्या राहू नका.