टेम्पोतली जागल

दैवशाला : पर बाबा, हे इन्व्हटरचं बटन दिवसा कामून चालू हाय? मोबाइल लावला न्हाई, बल्ब लावला न्हाई. मायची दम घ्यायची मशीन तर ती तिथं, उशाला गप पडलीय.

येडबा : ऱ्हाऊ दे. हात लावू नको.

दैवशाला : जळलेल्या मोटारी भरायच्या दुकानात बसते मी. करंट काय नवा हाय का मला?

येडबा : पूर्ण्यात बस तुह्या दुकानात. टेम्पोतला इन्व्हटर मी बघतो. मायला न्यायला आलीस ना? पिशवी भरलेलीच हाय तिची. दुपारच्या गाडीला चुडाव्याच्या ठेसनावर सोडल तुहा भाऊ हरिओम.

म्हाळसाबाई : बग माय. वरसानं लेक आली, तिला च्या इचारला न्हाई आन् गाडी सांगायलेत.

दैवशाला : तू लय बोलू नको. दम लागल.

म्हाळसाबाई : दम राती लागतो, आडवं पडलं की. दिवसा बरी हाय मी. भांडायपुरती हाय.

दैवशाला : मशीन बंद कवा पडती, बाबा?

येडबा : पहाटंचं. चांदणी वर येती, इन्व्हटर टुं टुं करतो आन् सगळंच गप. मग मी हिला उठून बसवतो. पाठ चोळतो. ऊन येऊस्तोर आमी दोघं तसंच.

दैवशाला : डॉक्टरनं काय सांगितलं व्हतं? रातभर चालली पायजे, उजाडूस्तोर. एक रात बी चुकायची न्हाई. म्हणून तर न्यायलेय मी तिला. माह्या घरी लाइट हाय.

येडबा : ने की. मी कवा आडवलं?

दैवशाला : आडवलं न्हाई. पर सकाळधरनं तुमी माह्याकडं बगितलं बी न्हाई. ... सरका जरा. हे मीटर लावून बगू द्या. वर पत्र्यावर पॅनेल हाय, बॅटरी नवी हाय. मग करंट जायलाय कुठं?

येडबा : मेंढरामागं फिरणाऱ्याची बॅटरी. तीबी दमत आसल.

दैवशाला : हे बगा. सगळ्या पिना काढल्या मी. कायच लावलेलं न्हाई. तरी मीटर दीड-दोन अँपिअर दावायलंय.

म्हाळसाबाई : मंजे?

दैवशाला : मंजे ह्यो डबा काम करो न करो, चालू ठिवला की खातोच. नुसतं जागं ऱ्हायाला बी त्याला लागतंय. दिवसभर पॅनेल जे भरतंय, त्यातलं निम्मं ह्योच खाऊन बसायलाय. राती मायच्या वाट्याला उरलं तेवढंच.

म्हाळसाबाई : आगं माय. मंजे तुह्या बापावाणीच की. काम न्हाई, धंदा न्हाई, रातभर उशाला डोळे फाडून बसणं. मशीनीकडं बगायचं, माह्या नाकाकडं बगायचं. अंगावर मांस ऱ्हायलं न्हाई.

येडबा : म्हाताऱ्या माणसाला झोप येत न्हाई.

म्हाळसाबाई : मेंढराला टेकून उभ्या उभ्या झोपणारा माणूस ह्यो.

दैवशाला : दिवसा बंद का ठिवत न्हाई, बाबा? एवढंच सांगा.

म्हाळसाबाई : सांगा की. लेकच हाय.

येडबा : दिवाळीच्या आधी एकदा केला व्हता बंद. राती बटन दाबलं, हिरवा दिवाच लागना. दाबलं, दाबलं. हिचे ओठ जांभळे पडले. हरिओम टेम्पो काढूस्तोर मी हिला मांडीवर धरून बसलो. तवाच ठरवलं, आता ह्यो दिवा इझू द्यायचा न्हाई. लागलेला असला की मला धीर वाटतो.

दैवशाला : बाबा...

येडबा : तिच्याच वाट्याचं खातोय, हे मला काय ठावं? मला वाटलं, राखण करायलाय.

म्हाळसाबाई : आता माहं आयका. दैवशाला, मी काय मशीनीसाठी येत न्हाई तुह्याकडं. मला ही मोकळी हवा बरी. मी हितं असले की ह्यो माणूस झोपत न्हाई. मी गेले तर निजल तरी, म्हणून चाललेय.

येडबा : तू गेल्यावर कोन निजल?

दैवशाला : मी आज जात न्हाई. दुपारची गाडी जाऊ द्या. तुमच्या जावयानं, लागली तर ऱ्हाऊ दे म्हणून, ही वायर दिलीय, आन् ह्यो चपटा डबा. ह्यानं मशीन बॅटरीवर सीधी लागती. इन्व्हटरची गरजच न्हाई. आताचं कसं चाललंय माहीत हाय का? घागरीतलं पाणी रांजणात वता, रांजणातलं परत घागरीत वता, मग प्या. हर खेपंला सांडतंय. आता घागरीलाच तोंड लावायचं.

येडबा : आन् दिवा?

दैवशाला : दिवा न्हाई लागणार. मशीनीचा आवाज आयका. माय, मास्क लाव.

म्हाळसाबाई : आण ते मुसकं. बैलाला बी काम नसताना घालत न्हाईत कुनी.

दैवशाला : लावा कान, बाबा. चालू हाय का न्हाई?

येडबा : हौ. वारं घालायलीय.

दैवशाला : आता ह्यो इन्व्हटर तुमीच बंद करा. मी करणार न्हाई. दिवसभर ऊन खाऊ द्या बॅटरीला. उजाडूस्तोर मशीन चालली तर माय हितं. न्हाई चालली, तर उद्याच्या गाडीनं मी तिला नेते.

येडबा : आन् राती बंद पडली तर?

दैवशाला : तर मी हाय की शेजारी. पाठ मलाबी चोळता येती.

येडबा : थांब, हिरवा दिवा एकदा बघू दे.

दैवशाला : बगितला ना? दाबा.

(दुसऱ्या दिवशी, उजाडताना.)

दैवशाला : माय. ए माय, उजाडलं. मशीन चालूच हाय.

म्हाळसाबाई : हळू बोल. मुसकं काढ हे आधी.

दैवशाला : ओठ बगू. ... गुलाबी हाईत. बाबा कुठं गेले?

म्हाळसाबाई : कुठं जातेत? हे काय, पायथ्याला. चांदणी वर आली तवा कान टवकारून बसले व्हते. मशीन काय गप होईना. माहा पाय धरून आयकत बसले, आयकत बसले, आन् बसल्या जागी कलंडले.

दैवशाला : हरिओम मेंढरांभवतीची वाघर सोडायलाय. मेंढरं उठलीत. बाबाला हाका मारायलाय.

म्हाळसाबाई : सांग त्याला, आज तूच ने म्हणावं.

दैवशाला : आन् तुही पिशवी? ती सोडते मी, लुगडी परत ट्रंकात घालते.

म्हाळसाबाई : ऱ्हाऊ दे बाई. त्यांच्या डोक्याखाली हाय ती.