विहीण निघाली गाडीवर

जमना : शाल काय वाईट हाय? माझ्या माहेरची हाय ती. माझ्या दर्पणच्या बारशाला आलेली.

स्नेहा : वाईट नाही, आई. मोकळी आहे. मोटारसायकलवर मोकळं काही चालत नाही. वाऱ्यानं फडफडेल, निम्मी चाकात जाईल, मग सासू-सून दोघी रस्त्यावर.

जमना : मग पदराचं काय करू? कापून टाकू?

स्नेहा : कमरेला खोचा. टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात जाता तेव्हा खोचता तसा. घट्ट.

जमना : लग्नाला जातेय मी, मासळी विकायला नाय.

स्नेहा : तिथं पोचल्यावर सोडा. आता ही पँट घाला.

जमना : काय घाला?

स्नेहा : बाबांची आहे. आतून लोकरीची.

जमना : डोकं ठिकाणावर हाय ना तुझं? तुझ्या सासऱ्याची पँट मी घालू? गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाय? दर्पण बोटीवर गेला म्हणून सुनेच्या मागं बसायची पाळी आली, ते कमी हाय काय?

स्नेहा : लुगड्यावरून घालायची नाही. आतून घाला, वरून लुगडं. तुमचा काष्टा गुडघ्याच्या वर असतो. मागं बसलेल्याचे गुडघे दोन्हीकडं बाहेर येतात, वारा सरळ त्यांच्यावर. माझं माहेर, जव्हार येईपर्यंत दगड होतील. मग चार जणांनी उचलून उतरवायचं तुम्हाला?

जमना : अगो, जन्म गेला माझा या काष्ट्यात. पौषाच्या पहाटे गुडघाभर पाण्यात उभी राहून मासळी उतरवली मी. तेव्हा नाय झाले दगड?

स्नेहा : तेव्हा वारा येईल तेवढाच लागत होता. गाडीवर आपणच वाऱ्यात घुसतो.

जमना : म्हंजे वारा पडला असला तरी वारा लागतो?

स्नेहा : लागतो. जेवढं पळवाल तेवढा जास्त.

जमना : बघ काय गंमत! मग हळू चालव.

स्नेहा : हळू गेलो तर संध्याकाळ होईल. तिकडं हळद घोटून बसलेत सगळे.

जमना : बसतील की. तुझी आयच म्हणाली ना, विहीण आल्याशिवाय लावून घेणार नाय म्हणून? ... एक विचारू? रागावशील.

स्नेहा : विचारा.

जमना : तुझी आय आज नवरी होणार म्हंजे खरीखुरी नवरी? नवं लुगडं, मांडव, हळद, सगळं?

स्नेहा : सगळं.

जमना : आणि नवरा तुझा बाप?

स्नेहा : या वयात दुसरा कुठून आणणार?

जमना : हसू नको गो, मला खरंच कळत नाय. एवढी वर्षं संसार केला, दोन पोरं मोठी केली, आणि लग्न आता?

स्नेहा : तेव्हा गावजेवण घालायला घरात भात नव्हता. म्हणून झोपडी बांधली न् राहिले एकत्र. मग मी झाले, मग जिव्या. आमच्या पाड्यावर त्याला कोणी नावं ठेवत नाही. 'लग्न राहिलंय' एवढंच म्हणतात. पण आई-बापाला हळद लागल्याशिवाय पोराला लागत नाही. उद्या जिव्याचं लग्न, म्हणून आज त्यांचं.

जमना : मग तुझ्या वेळी कसं चाललं?

स्नेहा : माझं कोर्टात झालं. कोर्टानं आई-बापाचं विचारलं नाही. तुम्ही विचारलंत.

जमना : ... पँट दे इकडं.

स्नेहा : आत जाऊन घाला. मी रेनकोट काढते.

जमना : रेनकोट? थंडीत?

स्नेहा : बोटीवरचा, तो पिवळा. आत स्वेटर उबेला, वर हा वाऱ्याला. नुसता स्वेटर म्हणजे जाळं. वारा आरपार जातो.

जमना : आणि त्याला बोंबलाचा वास मारतो त्याचं काय? तुझ्या माणसांत जाऊन मी वास मारू? म्हणतील, आली बाबा समुद्रावरची.

स्नेहा : म्हणू देत. माझ्या आयेला सुके बोंबील लय आवडतात.

जमना : काय सांगतेस? आणि हे आज सांगतेस? फडताळात किलोभर पडलेत! थांब, बांधून घेते.

स्नेहा : ठेवणार कुठं, आई? मागं तुम्ही, टाकीवर आयेच्या नव्या लुगड्याची पिशवी.

जमना : माझ्या कोटाच्या आत. तेवढीच ऊब ... ही बघ, घातली पँट. कशी दिसते?

स्नेहा : एकदम साहेब.

जमना : चल, थापा मारतेस. पण खरं सांगू, बरी वाटते गो. ही पुरुषमाणसं एवढी वर्षं एकटीच घालून बसली, बोलली नाय कुणी.

स्नेहा : आता हा पेपर छातीवर धरा. वरून रेनकोटाची चेन लावते.

जमना : पेपर? मासळी बांधतात तो?

स्नेहा : तोच. लय ऊब देतो. आमच्या कंपनीत पहिल्या पाळीला गाडीवर येणारे सगळे लावतात. वेणी काढा केसातली.

जमना : वेणी नाय काढायची!

स्नेहा : हेल्मेटखाली चेंदामेंदा होईल. डब्यात ठेवते, तिथं माळा. हातमोजे घ्या. बांगड्यांवरून नीट ओढा, उघड्या राहिल्या तर गार पडून चावतील.

जमना : ऐक. बाहेर वारा बघितलास? उत्तरेचा सुटलाय. असल्या वाऱ्यात आमी होडी पण नाय काढत. मी काय म्हणते, आज राहू दे. उद्या बसनं जाऊ, जिव्याच्या लग्नाला. लग्न ते लग्न.

स्नेहा : एवढं सगळं घातल्यावर?

जमना : थंडीला काय भरवसा? माझ्या छातीत कफ होतो.

स्नेहा : थंडीचं म्हणताय, का माझ्या आयेसमोर उभं राहायचंय त्याचं?

जमना : आगाऊ झालीस तू लय.

स्नेहा : तुम्ही नाही आलात तर ती हळद लावून घेणार नाही. मग जिव्याचं पण अडलं. मी तिला ओळखते, आई. गरीब आहे पण हट्टी आहे ... थांबा, तिचाच फोन. आये, बोल. स्पीकरवर आहेस, सासूबाई शेजारीच आहेत.

बायडी (फोनवर) : निघाल्या का, विहीणबाय?

जमना : हां ... म्हंजे ... निघतोच हाय. वारा जरा ...

बायडी : इकडं पण लय थंडी हाय. अंगभर घालून या. बाया मघापासून मागं लागल्यात, बायडी, लावून घे, लावून घे. मी म्हटलं, नाय. जिनं विचारलं ती येऊ दे.

जमना : मी विचारलं?

बायडी : तुमचं लग्न झालंय का, असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तुमीच पयल्या. स्नेहाच्या वेळी. राग नाय धरला, खरं सांगते. पण लाज वाटली. आज पण वाटते. पांढऱ्या केसाची नवरी बघून पोरं खिदळतात. पयली हळद तुमच्या हातची लागली, तर कुणी हसायचं नाय.

(बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी जमना. आज मात्र ती कोटाची चेन खालीवर करत राहिली. तीन वर्षांपूर्वी फटकन बोलून गेली होती ती, आणि ते वाक्य त्या बाईनं इतके दिवस एकटीनं सांभाळलं होतं.)

बायडी : विहीणबाय? हायेत का लाइनवर?

जमना : हाय. विहीणबाय, ऐका. माझं चुकलं तेव्हा. पोरगी मला पहिल्या दिवसापासून आवडली होती, पण चार लोकांत नाक वर ठेवायचं होतं मला. लग्न झालं असतं, नसतं, तुमच्या उंबऱ्याला मी केव्हाच यायला पायजे होतं.

बायडी : आता येता ना?

जमना : येते. तुझ्या व्याह्याची पँट घालून येते. हसलीस तर परत जाईन.

बायडी : पँट? आई गं! अख्खा पाडा वाटेवर येईल बघायला!

जमना : येऊ दे. स्नेहा, ते टोपडं दे डोक्यावर. आणि चावी कुठं हाय गाडीची?

*

स्नेहा : ठीक आहे ना, आई?

जमना : काय?

स्नेहा : थंडी वाजते का?

जमना : गुडघ्याला नाय! नाकाला वाजते!

स्नेहा : काच खाली ओढा! आणि मला घट्ट धरा, मधे वारा शिरतो!

जमना : धरलंय की! अगो, तुमच्यात हळदीला भटजी किती वाजता येतो?

स्नेहा : भटजी नाही! धवलेरी असते!

जमना : ती कोण?

स्नेहा : लग्न लावणारी बाई! गाणी म्हणत लावते!

जमना : बाईमाणूस लग्न लावतं?

स्नेहा : बाईच लावते!

जमना : बघ! आणि आमी मुहूर्त टळेपर्यंत भटजीची वाट बघत बसतो! मला तिच्या शेजारी बसव हां, मला सगळं विचारायचंय तिला!

स्नेहा : विचारा! आई, मनोर आलं. इथं टपरीवर थांबते. बोटं बधिर झालीत, ब्रेक कळत नाही.

जमना : थांब, थांब. काढ ते मोजे. दे हात इकडं, माझ्या काखेत घाल. अगो बाय, बर्फच झालाय! मी मागं बसून भटजी न् धवलेरी विचारते न् पुढं तुझी ही गत!

स्नेहा : पुढच्याला वारा लागतोच. होईल पाच मिनिटांत. चहा सांगू दोन?

जमना : तू घे. गरम घे. मला नको.

स्नेहा : का? तुम्हाला तर चहाशिवाय चालत नाही.

जमना : हळदीआधी खातात का तुमच्यात?

स्नेहा : नाही. आये सकाळपासून पाण्यावर असेल.

जमना : मग तू चहा घे न् काढ गाडी. नवरी उपाशी बसलीय.