हैबतीनाना आणि टेकाडावर उतरलेलं औषध

मंडळी, सावरून बसा! मृदंगाला जरा दम खाऊ द्या, बुवा. आज आधी एक सवाल. जे काम आपण जन्मभर केलं, ज्यासाठी लोकांनी आपल्याला मानलं, तेच काम उद्या दुसऱ्या कुणी आपल्यापेक्षा चांगलं केलं, तर आपल्या तोंडून 'शाबास' निघेल का? मनापासून? ओठातून नव्हे हो, पोटातून!

ताई, तुम्ही मागच्या—मोबाईल ठेवा खाली. पार्सल कुठवर आलं तेच बघताय ना? येईल हो! खोक्यात खोकं, त्यात आणखी खोकं, आणि शेवटी निघणार काय? कंगवा!

तर ऐका. एका धरणाच्या पाण्यापलीकडे एक वस्ती होती, पल्याडवाडी. अलीकडच्या काठाला तालुका, बाजार, मोठा दवाखाना. मधे अफाट पाणी. आणि त्या पाण्याचा राजा कोण? हैबती भोई! साठी उलटलेली, पण वल्हं धरलं की दंड असा टरारून उठायचा. नवरीचा शालू आणायचा? हैबती. आजोबांचा चष्मा? हैबती. औषधाची पेटी? तीही हैबतीच्याच होडीत. होडी दिसली की काठावर गलका व्हायचा, "नाना आला! नाना आला!" मंडळी, भाड्याचं सोडा. माणूस असल्या हाकेवर जगतो!

आणि एके दिवशी आभाळात घूंऽऽ घूंऽऽ! ड्रोन! पंख्यांचं यंत्र, पोटाशी डबा, डब्यात औषध. तालुक्याच्या दवाखान्यानं चाचणी सुरू केली होती. पाण्यावरून सरळ यायचं, शाळेच्या पटांगणात उतरायचं, डबा ठेवायचा, माघारी जायचं. चहा नको, तंबाखू नको!

हे आणलं कुणी? कुमुद सिस्टरनं. वस्तीच्या आरोग्य केंद्रातली नर्स. दवाखान्यातल्या साहेबांच्या मागे लागून लागून तिनं पल्याडवाडीचं नाव चाचणीत घालून घेतलं.

ग्रामसभेत हैबती उसळलाच. "मग मला काय, बुजगावणं करून काठावर उभं करता?"

"नाना, तसं नाही हो," कुमुद म्हणाली. "माणसांना तुमचीच होडी. पण वारं सुटलं की तुम्ही तरी निघता का? आणि दुखणं काय वाऱ्याला विचारून येतं?"

"यंत्राला दयामाया नसते, सिस्टर!" म्हणाला, आणि उठून गेला. त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. ड्रोन आला की हा पाठ फिरवून बसायचा. सवत घरात आल्यासारखा!

आणि मग काय घडलं, ऐका. भर दुपार. वारं असं सुटलेलं की पाण्यावर एक होडी नाही. घाटात दरड कोसळलेली, गाडीरस्ता बंद. कुमुद सिस्टर वरच्या आळीला बाळंतिणीला बघून बांधावरून परतत होती—पायाला फुरसं डसलं! सापाच्या विषावरचं औषध ती बिचारी दुसऱ्यांना टोचायची. आणि नेमक्या तिच्याच वेळेला केंद्रातल्या कुप्या संपलेल्या. पाय सुजून खांबासारखा झाला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

केंद्रातल्या तरुण डॉक्टरांनी तालुक्याला फोन लावला. तिकडे ड्रोन उडवणारी मुलगी होती, शलाका. ती म्हणाली, "डॉक्टर, वारा फार आहे. नियमात बसतंय, पण जेमतेम. पाठवते मी!"

केंद्राच्या अंगणात सारी वस्ती जमली. हैबतीही आला. बोलणं बंद होतं हो, पण पाय काय ऐकतात?

सगळ्यांच्या माना वर. आभाळ रिकामं. आणि फोन वाजला. शलाका रडकुंडीला आली होती. "समोरून वारा लागला, बॅटरी निम्म्यातच संपत आली. धरणाच्या पाण्यात मधेच ते टेकाड आहे ना, त्यावर उतरवलाय. होडीनं कुणीतरी जा हो!"

मंडळी, त्या क्षणी हैबतीच्या मनात काय आलं? खरं सांगू? आनंद झाला! 'पडली ना भिंगरी?' मोहरीएवढाच आनंद, पण झाला. तेवढ्यात आतून कुमुदचं कण्हणं ऐकू आलं. आणि त्या मोहरीची त्याला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली की तो काठाकडे पळत सुटला. बायको मागून ओरडतेय, "अवं, वारं बघा!" वारं कोण बघतो!

टेकाड वस्तीच्याच काठाला जवळ होतं, पण लाटा होडीत शिरत होत्या. वल्हं मारता मारता हातांची सालं निघाली. टेकाडावर पोचला, तर ड्रोन कुशीवर पडलेला. एक पंखा मोडलेला. आणि डबा? डबा पोटाशी तसाच घट्ट! आतल्या कुप्या धडधाकट!

हैबती बघतच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या यंत्राला हात लावला—मोडक्या पंख्यावरून, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "दमलास व्हय रे? पर वझं सोडलं न्हाईस."

डबा सदऱ्यात बांधला आणि होडी माघारी. सुई टोचली गेली, रात्र सरली, सकाळी रक्त थांबलं. कुमुदनं डोळे उघडले, तर दाराशी हैबती. "नाना, तुम्ही आणलंत!"

"निम्मं म्या आणलं, सिस्टर. निम्मं त्यानं. आन् अवघड निम्मं त्यानं आणलं."

मंडळी, हे बोलायला काय छाती लागते!

वारं पडल्यावर तो पुन्हा टेकाडावर गेला. ड्रोन घोंगडीत गुंडाळला, तालुक्याला नेऊन शलाकाच्या हातात दिला. ती म्हणाली, "नाना, आता मोठ्या बॅटरीचा येणार आहे. मग मधे उतरायची वेळच यायची नाही."

म्हणजे काय झालं, कळलं ना? म्हणजे मग हैबतीची गरजच नाही! म्हाताऱ्यानं होडीच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "लवकर आण, पोरी."

बस्स! दोन शब्द. पोथ्यांची पारायणं करून जे साधत नाही, ते एका होडीवाल्याला साधलं!

आता तुमच्याकडे वळतो. हसू नका, तुम्हीही नानाच आहात! सासूबाई, सून येते, तुमच्यापेक्षा गोल पोळी लाटते. गुरुजी, मुलगा मोबाईलवर गणित तुमच्याआधी सोडवतो. आणि आमची गादी? उद्या एखादं यंत्रही कीर्तन करील! तेव्हा पाठ फिरवून बसणार, की पलीकडच्या काठावर कोण कण्हतंय ते आधी ऐकणार? घरी जाताना वाटेत, उद्या आपली जागा घेणाऱ्याला उद्देशून एवढंच पुटपुटून बघा—'लवकर ये.' जीभ अडखळली, तर समजा, भक्ती अजून व्हायची आहे. घ्या टाळ हातात!